सोळा वाफ्यांची बाग



हल्ली घर सजवण्याच्या मासिकांत आणि मुलाबाळांच्या फोनवर एक चित्र फार दिसतं. स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीत एका ओळीत तीन-चार पांढऱ्या कुंड्या, प्रत्येकीत एकच झाड. पुदिना, तुळस, रोजमेरी वगैरे. बाकी गर्दी नाही, पसारा नाही. याला 'मिनिमल हर्ब गार्डन' म्हणतात असं मला नातवंडांनी शिकवलं. चित्र छान असतं यात शंका नाही. पण त्याखाली 'नव्या काळाची नवी बाग' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि उभा जन्म इतिहास शिकवलेल्या माणसाचा हात लगेच खडूकडे जातो. थोडीच झाडं, प्रत्येकाला वेगळी जागा, आणि सगळं स्वयंपाकघराच्या किंवा औषधाच्या खोलीच्या जवळ, ही कल्पना निदान बाराशे वर्षं जुनी आहे. तिचा कागदावरचा, म्हणजे खरं तर कातड्यावरचा, पुरावा आजही शाबूत आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलन नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या मठाच्या ग्रंथालयात एक आराखडा जपून ठेवलेला आहे. पाच चामडी पत्रं एकमेकांना शिवून केलेला, साधारण ११२ सेंटिमीटर लांब आणि ७७ सेंटिमीटर रुंद. इ.स. ८२० ते ८३० च्या सुमारास, जवळच्याच राइशेनाउ बेटावरच्या मठात तो काढला गेला आणि सेंट गॅलनचा मठाधिपती गोझबेर्ट याला भेट म्हणून पाठवला गेला. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष मान्यखेटहून राज्य करत होता आणि वेरूळचं कैलास लेणं कोरून होऊन अर्धशतक उलटलं होतं. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

हा आराखडा म्हणजे एका आदर्श मठाचं चित्र आहे. चर्च, शाळा, भटारखाना, पाहुण्यांची घरं, कोंबड्यांची खुराडी, सगळं लाल शाईच्या रेघांनी आखलेलं. मठ जसाच्या तसा कधी बांधला गेला नाही, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण २०१३ पासून जर्मनीत मेसकिर्ख गावाजवळ काही हौशी आणि जिद्दी माणसं जुन्या काळची हत्यारं वापरून तो खरोखर बांधायला लागली आहेत. बैलगाडी आहे, यंत्र नाही. पुरा व्हायला कित्येक दशकं लागतील, याची त्यांना कल्पना आहे. असो.

आपल्याला या आराखड्याचा एकच कोपरा बघायचा आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात आजारी साधूंचं घर, त्याच्या शेजारी वैद्याचं घर, वैद्याच्या घरात औषधं ठेवायची खोली, आणि अगदी लागून एक छोटी चौकोनी बाग. तिच्यात सोळा वाफे. आठ वाफे कडेने आणि आठ मध्ये. प्रत्येक वाफ्यावर लॅटिनमध्ये एकाच झाडाचं नाव. एक वाफा, एक झाड. बस्स! आमची पुतणी झुरिकला असते, तिने या आराखड्याचं मोठं छापील चित्र पाठवलं तेव्हा मी भिंग घेऊन पहिल्यांदा हाच कोपरा वाचला.

आता ही सोळा नावं बघा. लिली, गुलाब, एक शेंगभाजी, सॅव्हरी, कॉस्टमेरी, मेथी, रोजमेरी, पुदिना, सेज, सताप, आयरिस, पुदिन्याच्याच कुळातली पेनीरॉयल, पाणवठ्याला येणारी आणखी एक सुगंधी पाल्याची वनस्पती, जिरं, लव्हेज आणि बडीशेप. यातली निम्मी नावं आपल्याला परकी आहेत. पण मेथी, पुदिना, जिरं, बडीशेप? ही तर आपल्या मिसळणाच्या डब्यातली आणि भाजीच्या पिशवीतली मंडळी. मेथीचं नाव तिथे 'ग्रीक गवत' अशा अर्थाचं आहे. रोमन लोक तिला तेच म्हणत. ज्या मेथीला आपण आपल्या लाडवातली समजतो, तिला रोमन माणूस ग्रीकांकडचं गवत समजत होता. झाडाला माहेर एक असलं तरी ओळखपत्रं अनेक असतात.

शेंगभाजीची गोष्ट मजेची आहे. नाव वाचून आज आपल्याला फरसबी आठवते. पण फरसबी आणि राजमा अमेरिकेतले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचेपर्यंत युरोपने त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. म्हणजे नवव्या शतकातली ती शेंग दुसरीच असणार. अभ्यासक ती चवळीच्या जातीची मानतात. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचो की जुन्या कागदातला शब्द ओळखीचा वाटला की जास्त सावध व्हायचं. त्याला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

आजाऱ्यांच्या बागेपासून जवळच भाजीची वेगळी बाग आहे. तिच्यात अठरा वाफे, नऊ-नऊच्या दोन ओळी. कांदा, लसूण, मुळा, बीट, कोबी, कोथिंबीर, शेपू... आमच्या मंडईतल्या कुठल्याही गाळ्यावर शोभेल अशी यादी. शेपू म्हटलं की घरातली अर्धी माणसं नाक मुरडतात, पण त्याचा मान बघा, बाराशे वर्षांपूर्वी त्याला स्वतःचा वाफा होता! कोथिंबीर तर आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'कुस्तुंबुरु' हा शब्द येतो, तीच आपली कोथिंबीर.

भाजीच्या बागेशेजारी फळबाग आहे, आणि ती फळबाग म्हणजेच मठाचं दफनस्थान. थडग्यांच्या मध्ये सफरचंद, नासपती, मनुका, अंजीर अशी झाडं. गेलेले साधू आणि येणारी फळं एकाच जागी. ती माणसं जागा अजिबात वाया घालवत नसत. पण या नीटनेटकेपणामागे सौंदर्यदृष्टीइतकीच गरजही होती. रात्री कोणाला पोटशूळ उठला तर वैद्याने दिवा घेऊन बागेत जायचं आणि अंधारात चुकीचा पाला तोडायचा नाही. एक वाफा, एक झाड, ठरलेली जागा. ज्याला आज आपण 'स्टाइल' म्हणतो तिचा जन्म बहुतेक वेळा अशा सोयीतून होतो.

हा आराखडा वाचला कसा, ही गोष्टही ऐका. बाराव्या शतकाच्या शेवटी कोणा एका साधूला सेंट मार्टिनचं चरित्र लिहायला चामडं हवं होतं. त्याने आराखड्याची पाठकोरी बाजू घेतली, घड्या घातल्या आणि लिहायला लागला. जागा पुरेना तेव्हा पुढच्या बाजूची एक इमारत खरवडून तिथे उरलेला मजकूर लिहिला! ती इमारत गेली. पण घडी घातलेला आराखडा ग्रंथ म्हणून कपाटात राहिला आणि त्यामुळे टिकला. इतिहासाची साधनं अशीच टिकतात. कोणी मुद्दाम जपलं म्हणून थोडी, आणि कशाच्या तरी पाठीला चिकटून राहिली म्हणून बरीच.

आराखडा म्हणजे नुसत्या रेघा. बागेत हात मातीत घालणारा माणूस त्यात दिसत नाही. तो दिसतो वालाफ्रिड नावाच्या साधूच्या कवितेत. हा त्याच राइशेनाउ बेटावरचा. जन्म इ.स. ८०८ च्या आसपास, गरीब घरातला, लहानपणीच मठाच्या शाळेत दाखल झालेला. त्याच्या नावापुढे 'स्ट्राबो' लागतं, म्हणजे चकणा. हुशारी अशी की पुढे तो राजदरबारात राजपुत्र चार्ल्सचा शिक्षक झाला आणि इ.स. ८३८ मध्ये राइशेनाउचा मठाधिपती. राजघराण्याच्या भाऊबंदकीत काही काळ हद्दपारीही भोगली. इ.स. ८४९ मध्ये राजकारणाच्या एका कामगिरीवर जाताना लुआर नदीत बुडून गेला. चाळिशी नुकतीच उलटली होती.

या माणसाने लॅटिनमध्ये बागेवर साडेचारशेच्या आसपास ओळींची कविता लिहिली. 'होर्टुलस', म्हणजे छोटी बाग, या नावाने ती ओळखली जाते. त्यात तेवीस-चोवीस झाडं येतात, सेजपासून सुरुवात आणि गुलाबाने शेवट. पण मला आवडतो तो सुरुवातीचा भाग. वसंत ऋतूत दारापुढच्या पूर्वेकडच्या तुकड्यात खाजकुइलीसारखी आग करणारी झुडपं माजलेली असतात. हा ती मुळांसकट उपटतो. माती वाहून जाऊ नये म्हणून वाफ्यांना लाकडाच्या फळ्या लावतो. शेणखत घालतो. पाणी नुसतं ओतलं तर बी उघडं पडेल म्हणून ओंजळीने थोडंथोडं घालतो. आणि तक्रार करतो की एका बाजूला छपरामुळे पाऊस पोचत नाही आणि दुसऱ्या बाजूला उंच भिंतीमुळे ऊन येत नाही. मंडळी, हे वाचताना मला आमच्या इमारतीतली प्रत्येक बाल्कनी आठवली! वर स्लॅब, बाजूला भिंत. बाराशे वर्षांत तक्रार तीच.

तो आणखी एक गोष्ट सांगतो. हे सारं मी नुसतं ऐकून किंवा जुन्या पोथ्या वाचून सांगत नाही, हातांनी करून शिकलो आहे, असं त्याचं म्हणणं. दरबारातला पंडित असं लिहितो, याचं मोल आम्हा शिक्षकांना जास्त कळतं.

पेनीरॉयलबद्दल लिहिताना तो एकदम हिंदुस्थानात येतो. तो म्हणतो, गॉल देशात हिंदुस्थानच्या काळ्या मिरीच्या राशीला जी किंमत, तीच किंमत तिकडचे जाणते लोक आमच्या या क्षुल्लक पाल्याला देतात असं ऐकतो. खरं-खोटं देव जाणे. त्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता आणि आपण त्याची पेनीरॉयल कधी मिरीच्या भावाने घेतली असेल असं वाटत नाही. पण त्याचा मुद्दा पटतो. एका देशात जे पायदळी येतं ते दुसऱ्या देशात तिजोरीत जातं, आणि देवाने अशी वाटणी केली म्हणून माणसं एकमेकांकडे जातात. आपण याच गोष्टीला 'पिकतं तिथे विकत नाही' म्हणतो.

कविता त्याने सेंट गॅलनच्या ग्रिमाल्ड नावाच्या मठाधिपतीला अर्पण केली आहे. शेवटी तो कल्पना करतो की ग्रिमाल्ड आपल्या बागेत झाडाखाली बसून ही कविता वाचतो आहे आणि भोवती शाळेतली मुलं फळं गोळा करत हुंदडत आहेत. निवृत्त शिक्षकाला याहून चांगला स्वर्ग सुचणार नाही.

आता जरा आपल्याकडे येऊ. आपल्या किनाऱ्यावर वनस्पतींची पद्धतशीर टिपणं झाली ती पोर्तुगीज आणि डचांच्या काळात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची वैद्य म्हणून ये-जा होती. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली, गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली असताना, त्याने इथल्या औषधांवरचं पुस्तक तिथेच छापलं. पुस्तक संवादरूपात आहे. विलायतेहून आलेला रुआनो नावाचा पाहुणा प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तर देतो. मध्येच घरातल्या अंतोनिया या दासीला हाक मारली जाते, अमुक फळ आण, तमुक झाड दाखव. ती आणते आणि जाते. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून मेल्यावरही इन्क्विझिशनने त्याला सोडलं नाही. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. पण १५६७ मध्येच त्याच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापून झाला होता, त्यामुळे युरोपभर त्याचं ज्ञान पोचलं.

पुढे शंभर वर्षांनी कोचीनच्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोंकणी वैद्य होते. या तिघांनी १६७५ साली, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी, लिहून दिलेलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात चक्क नागरी लिपीत छापलेलं आहे. परदेशी ग्रंथाच्या पानावर आपली अक्षरं बघून ऊर भरून येतो.

पण हे सगळं वाचताना एक प्रश्न मनात घर करून राहतो. साधू, वैद्य, गव्हर्नर यांची नावं आहेत. अंतोनियाचं निदान पहिलं नाव तरी आहे. पण घरोघरच्या मागील दारी ज्या बायकांनी हा पाला रुजवला, खुडला, वाटला, त्यांचं काय? त्यांचा आराखडा कोणी काढला? त्यांच्या वाफ्यांवर कोणी नावं लिहिली?

हा प्रश्न मला आत्ताच का पडावा, ते घरच्या मंडळींना ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. आमचं सातारा जिल्ह्यातलं गावचं घर या मार्च अखेर नव्या मालकाच्या ताब्यात जाणार आहे. घराबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, ते पुन्हा कधीतरी. घराच्या मागे आजीचा परस होता. आजी १९७१ साली गेली. पुढे आईने जमेल तसा राखला, नंतर वाटेकऱ्याने. आम्हा भावंडांत तो परस पूर्ण आठवणारी आता एकच व्यक्ती आहे, आमची अक्का. वय चौऱ्याऐंशी. गेल्या महिन्यात तीन संध्याकाळी मी तिला फोन केला आणि वही घेऊन बसलो.

"अक्का, सताप कुठे होता गं?"

"अरे, न्हाणीच्या पलीकडे, तुळशीच्या डाव्या अंगाला. तुला आठवायचा नाही, तू तिकडे फिरकायचास कुठे? पेरूच्या झाडावरून उतरलास तर ना!"

असं करत करत तिने सगळा परस जागेसकट सांगितला. मी त्या सेंट गॅलनच्या चित्रासारखे चौकोन आखले आणि प्रत्येकात नाव लिहिलं. मागच्या दाराच्या अगदी हाताशी कढीपत्ता, आलं, मिरची आणि पुदिना, कारण ते रोजचे. कढीपत्त्याला आंबट ताक जायचं. न्हाणीचं पाणी जिथे जिरायचं तिथल्या ओलीत वेखंड, ब्राह्मी आणि हळद. मध्ये वृंदावन, त्यात तुळस. दिवेलागणीनंतर तिला हात लावायचा नाही. तुळशीच्या डाव्या अंगाला सताप, उजव्या अंगाला पानओवा. कुंपणाला अडुळसा आणि कोरफड, कारण त्यांना गुरं तोंड लावत नाहीत. गवती चहा उताराच्या बांधावर, माती धरून ठेवायला. आणि केसांत माळायला मरवा, दवणा आणि गावठी गुलाब. थंडीत दोन आडवे वाफे मेथी, कोथिंबीर आणि शेपूचे. एकंदर एकोणीस. तुळशीखेरीज त्यातलं एकही झाड शोभेसाठी किंवा देवासाठी म्हणून लावलेलं नव्हतं, असं म्हणणार होतो, पण अक्काने लगेच अडवलं. "दवणा चैत्रात जोतिबाला जायचा रे." लिहून घेतलं.

चौकोन पुरे झाल्यावर जे दिसलं त्याने मी चकित झालो. लागणारं जवळ, ओलीचं ओलीत, कडू-उग्र ते कुंपणाला. राइशेनाउच्या साधूने लाल शाईने जे आखलं, तेच कधी शाळेत न गेलेल्या आजीने खुरप्याने आखलं होतं. दोघांची ओळख असण्याचा प्रश्नच नाही. गरज सारखी असली की उत्तरंही सारखी येतात.

पाहुणे झाडांची गंमतही आहेच. ज्याला आम्ही 'घरचं, अगदी आपलं' म्हणतो त्या परसात बाहेरगावची वस्ती किती होती बघा. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. पानओवा आफ्रिकेकडचा. कोरफड अरबस्तानाकडची. सताप आणि मरवा भूमध्य समुद्राच्या बाजूचे. सताप तर साक्षात सेंट गॅलनच्या सोळा वाफ्यांतला! वालाफ्रिडच्या कवितेतही तो आहे. तिकडे त्याला विषावरचा उतारा मानत, आणि आमच्याकडे सताप लावला की साप येत नाही म्हणत. दवण्याचे चुलतभाऊही त्याच्या कवितेत भेटतात. आजीचा परस म्हणजे न लिहिलेलं व्यापाराचं दप्तर होतं, आणि ते वाचायला अक्काशिवाय कोणी उरलेलं नाही.

एक सावधगिरीची गोष्ट लगेच सांगून टाकतो. सताप पूर्वी लहान मुलांच्या औषधात वापरत, म्हणून आज कोणी घरच्या घरी वापरू नये. गरोदर बाईने तर त्याला पोटात घेऊच नये, ते धोक्याचं आहे. त्याचा रस अंगाला लागून ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते. जुनं ज्ञान जपायचं म्हणजे त्यातला धोकाही लिहून ठेवायचा. आजी सतापाला हात लावला की हात धुवायला लावायची, हे अक्काने आठवणीने सांगितलं.

आता प्रश्न आहे पुढे काय करायचं हा. धाकटा भाऊ दिवाळीनंतर गावी जाऊन आला. एकोणीसपैकी आज परसात जिवंत आहेत ती झाडं अशी: कढीपत्ता, गवती चहा, अडुळसा, कोरफड, पानओवा, हळद, वृंदावनातली तुळस, गावठी गुलाब, आणि (मी फोनवर दोनदा विचारून खात्री केली) सताप. नव्या मालकांना तिथे मोठं बांधकाम करायचं आहे आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मार्चनंतर परस राहणार नाही.

माझ्या बाल्कनीत साडेतीन फूट जागा. सकाळचं ऊन चार-पाच तास. तिथे एकोणीस झाडं मावणार नाहीत आणि कोंबलीच तर एकही जगणार नाही. इथे मात्र मला त्या मासिकातल्या चित्राचं म्हणणं पटतं. थोडी निवडावीत, सारख्या मातीच्या कुंड्यांत, खाली भोक असलेल्या, प्रत्येकीत एकच. पुदिन्याला तर वेगळी कुंडी हवीच, त्याची मुळं शेजाऱ्याला जगू देत नाहीत. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फोडी करून जागेवरच पेरायचे, तिला उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही. सतापाला पाणी साचलेलं चालत नाही, पावसाळ्यात त्याची कुंडी आडोशाला घ्यायची. मी सहा निवडली आहेत: तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, सताप, आणि एका कुंडीत ऋतूप्रमाणे मेथी नाहीतर कोथिंबीर.

पण तेरा उरतात. म्हणून ही विनंती घरच्यांना, आणि ज्यांची आमच्याशी घरोब्याची ओळख झाली आहे अशा वाचक मित्रांनाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही गावी जमणार आहोत. येणाऱ्याने एक झाड न्यायचं. पानओवा, सताप, अडुळसा, गुलाब यांच्या फांद्या कापून देता येतील. गवती चहाचे ठोंब फोडून सगळ्यांना पुरतील. कोरफडीची पिल्लं काढता येतील. हळदीचे गड्डे तोवर खणण्याजोगे झालेले असतील. तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून पुडीत बांधून ठेवीन. जी झाडं आता परसात उरलेली नाहीत, म्हणजे मरवा, दवणा, वेखंड, ब्राह्मी ही मंडळी, ती कोणाकडे असतील तर येताना एक-एक फांदी किंवा बी घेऊन या. परदेशातल्या मंडळींनी रोपं न्यायच्या भानगडीत पडू नये, विमानतळावर अडवतील. त्यांनी तिकडे खिडकीत एक मेथी पेरली तरी चालेल. दाणे कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात मिळतात आणि तीन-चार दिवसांत कोंब दिसतो.

एक अट मात्र आहे. कुंडीवर नाव लिहायचं. झाडाचं मराठी नाव, आणि त्याखाली आजीचं. तिचं नाव आमच्या नव्या पिढीत निम्म्यांना ठाऊक नाही, ते मी जमल्यावर सांगेन. परसाचा आराखडा मी मोठ्या कागदावर शाईने काढायला घेतला आहे. अक्काला दाखवल्यावर तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या: आलं दाराच्या उजव्या बाजूला होतं, आणि अडुळशाच्या शेजारी एक लिंबोणी होती, ती मी 'हर्ब' नव्हे म्हणून सोडली होती. ती घालायची असा तिचा हुकूम आहे. तेव्हा आता वीस.

कोण काय नेणार ते महिनाअखेर कळवा. सताप कोणाला हवा असेल तर आधी अक्काला फोन करा, ती परवानगी देईल तरच.